गाडी सुरू होईपर्यंत

१ डिसेंबर १९७४, रविवार. सकाळी सात
थंडी. अ‍ॅम्बॅसिडर चोविसाव्या प्रयत्नाला सुरू झाली. काल अठराव्या. आजपासून पद्धतशीर तपास. हायस्कुलात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला एका इंजिनाचा दोष सापडू नये, हे शक्य नाही.
जया दिवाळीला माहेरी सावनेरला गेली, ती अजून तिथेच. जाताना म्हणाली, "आता मी आपल्या मनानं येणार नाही. न्यायचं असंल तर तुम्ही या." पुढच्या रविवारी आणायला जाणार. गाडीने.

३ डिसेंबर
बॅटरी. शंभर टक्के बॅटरी. चार्ज करून आणली. सुरू व्हायला पंचवीस मिनिटं लागली. म्हणजे बॅटरी नाही. एक कारण बाद झालं, ही प्रगतीच.

८ डिसेंबर, रविवार
प्लग घासले. सुरू झाली तेव्हा दुपारचे तीन. सावनेर रद्द.
शेजारच्या रंभाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "एसटीनं जा ना भाऊ. घंट्याभरात सावनेर. बायको आणायले गाडी कायले लागते?"
मागच्या वर्षी गाडी सुरू झाली नाही म्हणून एसटीनेच गेलो होतो. तेव्हा मेहुणा मधुकर चारचौघांत म्हणाला, "काहून जावईबापू, गाडीले बैल नाही भेटले काय?" रंभाबाईंना हे समजणार नाही.

१३ डिसेंबर
जयाचं पत्र. चार ओळी. तिथल्या शाळेत मास्तरीणबाईची जागा निघाली आहे, १ जानेवारीपासून. "तुम्ही आले तर नाही म्हणते. नाही आले तर रुजू होते."
तारीख कळल्यामुळे नियोजन सोपं झालं. कार्बोरेटर उघडला.

१५ डिसेंबर, रविवार
कार्बोरेटर बसवला. एक स्क्रू उरला. गरजेचा नसावा.

२२ डिसेंबर, रविवार
शेवटी लहानू मिस्त्रीला बोलावलं. त्याने बॉनेटला कान लावला. म्हणाला, "सायेब, गाडी उभी राह्यली का पेट्रोल मांगं जाते. पंप बदला." मग म्हणाला, "अन् रोज खोलून पाहून राह्यले तुम्ही. चालवता कधी?"
अशास्त्रीय विचार. पंप बदलायला सांगितला, केवळ खात्रीसाठी.

२९ डिसेंबर, रविवार
नवा पंप. नवव्या प्रयत्नाला सुरू. निघालो. वाटेत कोराडीला परीक्षा म्हणून बंद करून पाहिली. पुन्हा सुरू व्हायला पाऊण तास आणि ढकलायला सहा माणसं. घरी परत.
यापुढे एकच नियम. सुरू झाली की बंद करायची नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार
रजा टाकली. सहाव्या प्रयत्नाला सुरू. सव्वा तासात सावनेर.
गाडी दारात चालूच ठेवून हॉर्न दिला. जया बाहेर आली. ओट्यावर तिची ट्रंक होती. बांधलेली.
सासरे मनोहरराव म्हणाले, "या जावईबापू, पाणी घ्या पायावर."
सगळी अडचण समजावून सांगितली. मी आत गेलो आणि गाडी बंद पडली, तर आजचा दिवस गेला. त्यापेक्षा जयानेच चटकन बसावं. मधुकर हसला नाही. तो हसेल असं वाटलं होतं.
जया माझ्या पायांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन फाटकापर्यंत आली. रेडिएटर तापला होता. तांब्या घेतला आणि पाणी त्यात ओतलं. इंजिन चालू ठेवून हळूहळू ओतायचं असतं, तेही तिला सांगितलं.
तिने रिकामा तांब्या घेतला. म्हणाली, "पाच मिनटंही नाही काय?"
मी म्हटलं, आज नको.
"मग जा तुम्ही. गाडी बंद पडंल."
ट्रंक मधुकरने उचलली. मी डिकी उघडली. तो ती आत घेऊन गेला. घरात.
जेवलात का, असं तिने विचारलं नाही. नेहमी विचारते.
परतताना गाडीने कुठेही त्रास दिला नाही. निदान अचूक होतं.

१ जानेवारी १९७५. सकाळी साडेदहा
एव्हाना शाळा भरली असेल. पहिली घंटा, मग प्रार्थना. तिला पहिलीचा वर्ग दिला असेल. लहान मुलांत ती रमते.
गाडी आज पहिल्याच प्रयत्नाला सुरू झाली.
दहा मिनिटं चालू ठेवली. मग बंद केली.