ढालीवरचे दोन डाव

मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६, श्रूजबरी, अमेरिका

संध्याकाळपासून डोकं तापलंय. मुग्धाला शाळेत घराण्याचं मानचिन्ह काढायचं होतं, एक ढाल आणि खाली बोधवाक्य. तिने तलवारींच्या जागी आमटीचे दोन डाव काढले. खाली लिहिलं, ‘जेवून जा’, आणि इंग्रजीत त्याचा अर्थ. बाईंनी लाल पेनने शेरा मारला: घराण्याचा पराक्रम दाखव.

हे म्हणाले, “वाघ काढून दे ना, कशाला इश्यू करतेस?” आमच्या सात पिढ्यांत कुणी वाघ पाहिलाही नसेल, मारणं लांबच. पण थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत डॉर्म बंद झाली की युनिव्हर्सिटीतली किती मुलं याच डावाने वाढलेली आमटी जेवून गेली? बर्फात रुतलेली आमची गाडी ओढायला आलेला ट्रकवालासुद्धा जेवूनच गेला. हा पराक्रम नाही? माणसं मारली असती तर चाललं असतं बहुतेक.

मुग्धा हळूच म्हणाली, “आई, इट्स ओके. आय विल इरेज इट.” आणि इरेजर मागितला.

मी दिला नाही. माझं शाईचं पेन दिलं आणि म्हटलं, दोन्ही डाव नीट गिरव.