डॉक्टर से कहना

प्रिय ठकू,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, समजून घे. मांडीवर वही ठेवून लिहितेय, आणि शेजारी बसलेल्या बाई सारख्या घड्याळाकडे बघतायत. सात महिन्यांनी तुझ्याशी आपल्या भाषेत बोलतेय, तर सुरुवात कुठून करू तेच कळेना. आईचे कोणीतरी कान भरलेत असं तुला वाटायला नको, म्हणून पहिल्यापासून सांगते.

सात महिन्यांपूर्वी जावईबापूंनी तुझ्या हातातून फोन घेतला होता, आठवतं? हसत हसत म्हणाले होते, माँजी, आता आपण सगळे हिंदीतच बोलू, एका घरात लपवाछपवी कशाला? मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरात सगळ्यांना कळेल असं बोलावं, बरोबरच आहे, असं मीच तुला म्हणाले. तेव्हापासून तुझा फोन स्पीकरवर लागायला लागला. तू 'मैं ठीक हूँ' म्हणायचीस, मी 'हाँ, हाँ' म्हणायचे, आणि मग दोघीही गप्प. एकदा माझ्या तोंडून सवयीने 'जेवलीस का?' निघालं, तर तू दबक्या आवाजात म्हणालीस, 'आई, हिंदीत.' मी ते हसण्यावारी नेलं. त्याचं मला आता काय वाटतं ते लिहीत बसत नाही.

मग मीच हिंदी शिकायला निघाले. वाचनालयातल्या सगळ्याजणी म्हणाल्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी हे काय नवीन खूळ! आपल्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत ना, त्यांची घरची भाषाच हिंदी. मी त्यांची काजं-बटणं करून द्यायची आणि त्यांनी मला शिकवायचं, असं ठरलं. मला वाटलं होतं, शाळेत 'स ला ते, स ला ना ते' घोकलंय, प्रत्यय तेवढे बदलले की झालं. कसलं काय! पहिल्याच दिवशी मी 'कैंची ने कपड़ा काटा' असं झोकात लिहिलं. बाई इतक्या हसल्या की तोंडातली टाचणी खाली पडली. म्हणाल्या, 'दीदी, तुमची कात्री काय आपल्या पायांनी चालत येते? हिंदीत ने फक्त करणाऱ्याला. हत्याराला से.' आणि जिथून खाली पडतं त्यालाही से. आपण जिथे 'ने' आणि 'वरून' म्हणतो, तिथे त्यांचा एकटा 'से' पुरतो. मला मजा यायला लागली. कानावर पडेल ते हिंदी वाक्य मी वहीत उतरवायचे आणि शेजारी मराठीत अर्थ लिहायचे. भाजीवाल्याचं, रेडिओवरचं, तुमच्या घरचंही.

गेल्या महिन्यात तुमच्याकडून फोन आला. जावईबापू म्हणाले, 'सीढ़ी से गिर गई, हाथ टूट गया, चिंता मत कीजिए.' सतरा तारखेला सकाळी प्लास्टर काढतील, त्याआधी उद्या पुन्हा दाखवायला न्यायचंय, असंही म्हणाले. मग ते तुला बोलवायला गेले आणि फोन तसाच चालू राहिला. मागून विहीणबाईंचा आवाज आला, कोणालातरी सांगत होत्या, 'डॉक्टर से कहना, सीढ़ी से गिरी.' तू आलीस, 'मैं ठीक हूँ' म्हणालीस. फोन ठेवल्यावर मी ते वाक्य वहीत लिहिलं आणि पुढे अर्थ लिहिला, 'डॉक्टरांकडून कळलं, जिन्यावरून पडली.' डॉक्टरांनी बघितलंय म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी पोटभर जेवले, ठकू.

दोन आठवड्यांनी बाईंनी मला शिकवलं, की आपण आईला सांगतो, भावाला विचारतो, पण हिंदीत माँ से कहते हैं, भाई से पूछते हैं. आपला 'ला', त्यांचा 'से'. एकीकडे त्या माझी वही तपासत होत्या, एकीकडे पायाने मशीन चालू होतं. त्या वाक्यापाशी आल्या आणि मशीन थांबलं. 'ये किसने कहा? किससे?' मी सांगितलं. त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, 'दीदी, अर्थ चुकलाय तुमचा. डॉक्टरांना सांग, असं आहे हे. खरंच पडलेल्या माणसाला काय सांगायचं ते कोणी पढवत नाही.'

माझा विश्वास बसेना. मी त्यांच्यावरच चिडले, उठून घरी आले. हिंदी बोलणाऱ्या लोकांना माझ्यापेक्षा त्या जास्त ओळखणार, हे मनाला पटत होतं आणि नकोही होतं. तुमचं घर तळमजल्यावर आहे हे मला तेव्हा कुठे आठवलं. पण जिने काय, कुठेही असतात. म्हणून पुढच्या फोनवर मी अगदी सहज, नव्या हिंदीचं कौतुक मिरवावं तसं विचारलं, 'बेटा, कौन-सी सीढ़ी से गिरी?' तू म्हणालीस, 'छत की.' त्याच क्षणी ते म्हणाले, 'बाज़ार की.' दोघांचे शब्द एकमेकांवर आपटले. मग ते हसले. ते हसणं अजून माझ्या कानातून जात नाही.

त्यानंतर नऊ दिवस तुझा फोन बंद होता. मी तो प्रश्न विचारला नसता तर काय झालं असतं, आणि विचारल्यावर तुझ्यावर काय ओढवलं, हे मी रोज स्वतःला विचारते. उत्तर देऊ नकोस. दहाव्या दिवशी मी खाली गेले, बाईंची माफी मागितली. त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि म्हणाल्या, 'कधी निघायचं?'

आज सतरा तारीख आहे, ठकू. मी घरी नाही. आम्ही दोघी परवाच तुझ्या गावात आलो. काल इथल्या एकुलत्या इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत काम करणाऱ्या बाईंना गाठून सगळं सांगितलं, मी अडखळत आणि आमच्या बाईंनी नीट. त्यांना तू आठवत होतीस. म्हणाल्या, चार महिन्यांपूर्वी हीच मुलगी मोडलेल्या बोटांसाठी आली होती. बोटांचं तू मला सांगितलं नव्हतंस. त्या खोलीत नातेवाइकांना सोडत नाहीत, तो बाहेर बाकावरच बसेल. हे पत्र प्लास्टरच्या खोलीतल्या बाईच तुझ्या हातात देतील. प्लास्टर सुटलं तरी त्या करवत चालूच ठेवणार आहेत, म्हणजे बाहेर आवाज ऐकू येत राहील. खोलीला मागे दुसरं दार आहे, धुण्याच्या गाड्या नेतात ते. त्या दारामागे मी उभी आहे आणि आमच्या शिवणाच्या बाई रस्त्यावर गाडी थांबवून बसल्यात. पर्स, चपला, काही घेऊ नकोस. नसेल यायचं तर हे पत्र त्यांच्याकडेच परत दे. मी तुला बोल लावणार नाही, फक्त पुन्हा येईन. पण यायचं असेल तर आत्ता ऊठ, आवाज चालू आहे तोवर.

दारापलीकडे थांबलेली,
तुझीच आई