डाव्या दाराखालचा पत्रा आणि धाकटा ऑन्नी

मी, वाल्फ्रिड हेइकिनेन, वय ७९, धंदा गाड्यांचे पत्राकाम, मुक्काम पाइन क्रीक, उत्तर मिशिगन, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. हृदय थकले आहे असे डॉक्टरीणबाई म्हणतात. डोके ठीक आहे असे मी म्हणतो. यापूर्वी काही लिहून ठेवलेले सापडल्यास ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर माझी मुलगी एल्मा हिला. स्वयंपाकघराचे छत गळते. नऊ वर्षे मी "उद्या करतो" म्हणत आलो. ते म्हणण्याचा हक्कही घरासोबत तिच्याकडे जातो.

कलम २. शिकारीची बंदूक जावई डेल याला. त्याला आजवर एकही हरीण दिसलेले नाही, तेव्हा कोणाला धोका नाही.

कलम ३. हातोड्या, ठोकळे, कातऱ्या आणि वेल्डिंगचे यंत्र गावच्या शाळेला. पुट्टीचे डबे मात्र कोणाला देऊ नयेत. पुट्टीने माझे वाटोळे केले, ते पुढे येतेच.

कलम ४. वडिलांची १९५७ सालची उघड्या टपाची गाडी. आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते बर्फ खाते आणि गाड्याही. आधी जातो तो दाराखालचा लांब पोकळ पत्रा, ज्याला मी उंबरा म्हणतो. टप नसलेल्या गाडीचा सगळा भार याच उंबऱ्यावर असतो.

१९८३ च्या नोव्हेंबरात मी शिकारीला रानात गेलो असता धाकटा भाऊ ऑन्नी याने मला खूश करायला डावा उंबरा कापायला घेतला. मी परतलो तर गाडी मध्येच खचलेली, दारे अडकलेली. मी म्हणालो, "आधी दारांत पाइप टाकून आधार द्यायचा असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं." तो म्हणाला, "आतला पत्रा नवा घातलाय असं तूच सांगितलं होतंस. पण दादा, त्यात..." मी म्हणालो, "तोंड बंद कर आणि चालता हो."

त्याने तोंड बंद केले ते एकतीस वर्षे. शनिवारची सौना मात्र दोघांनीही चुकवली नाही, कारण ही वाफेची न्हाणी वडिलांनी दोघांत एकच बांधली आहे. बायको लेम्पी होती तोवर दाराबाहेरून निरोप पोचवी, "ते म्हणताहेत, पाणी बेतानं टाका." ती गेल्यापासून आम्ही एकमेकांशी नाही, न्हाणीतल्या चुलीशी बोलतो.

आता खरे ते. १९७६ साली त्या उंबऱ्याच्या आतले काम मीच केले होते. दुसऱ्या दिवशी शिकार सुरू व्हायची होती आणि मला घाई होती. पत्रा घातलाच नाही. गंजाने पडलेल्या भोकात वर्तमानपत्र कोंबले, वर पुट्टी, वर रंग. ऑन्नीला हाकलल्यावर गॅरेज झाडताना तो बोळा सापडला, तारीख १४ नोव्हेंबर १९७६. मी तो शेगडीत टाकला आणि गप्प बसलो. चूक माझी होती. मला तिची लाज वाटते, आणि भाऊ असून नसल्यासारखी ही वर्षे वाईट गेली. सबब गाडी ऑन्नीला द्यावी, आणि मला पुरल्यावर हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

पुरवणी, त्याच दिवशी सायंकाळी. सहीसाठी आलेले चर्चचे पाळक लाहती कलम ४ वाचून म्हणाले, "पुरल्यावर माफी मागणार? बरं आहे, उलट उत्तर ऐकायला नको. वाल्फ्रिड, आज शनिवार आहे." म्हणून मी सौनेत सगळे चुलीला सांगितले. ऑन्नीने चुलीवरच्या तापल्या दगडांवर पाणी टाकले, वाफ बसू दिली आणि चुलीलाच म्हणाला, "त्याला सांग, मला ठाऊक आहे. तो बोळा झाडूपाशी मीच ठेवला होता. हातात घेऊन बाहेर येईल म्हणून तासभर बर्फात उभा होतो."

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "पाइप आहेत का, की तेही कागदाचेच?"

सबब कलम ४ रद्द. सोमवारपासून डावा उंबरा आम्ही दोघे करणार. एकाने आतून ठोकळा धरायचा, दुसऱ्याने बाहेरून हातोडा मारायचा, हे एकट्याचे कामच नव्हे. दारे नीट लागेपर्यंत मला मरायला फुरसत नाही.

पाइन क्रीक, दि. १५ नोव्हेंबर २०१४

सही: वाल्फ्रिड हेइकिनेन

साक्षीदार:
१. मार्टिन लाहती, पाळक
२. सिल्व्हिया बोव्हे, शेजारीण

हजर: ऑन्नी हेइकिनेन (साक्षीदार नव्हे, पाइप घेऊन आला आहे, सोमवारपर्यंत थांबायला तयार नाही)