ऑल्डर फॉल्सला दहापैकी दोन

ऑल्डर फॉल्स, विस्कॉन्सिन
१४ ऑक्टोबर

चि. ल्यूला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या कोंबड्या, तुझे गुडघे आणि तुझी बायको कशी आहे ते कळव. ज्या क्रमाने तू काळजी घेतोस, त्याच क्रमाने विचारलं आहे. पत्र नेहमीसारखं मी बोलते आहे आणि नातसून सुआ लिहिते आहे. फेंगला सांगितलं असतं, पण माझा हा नातू माझी निम्मी वाक्यं शहाणपणाने गाळतो. सुआ सगळं लिहिते. तोंड वाकडं करते, पण लिहिते.

मोहरीचा पाला अजून टिकून आहे. मिरच्यांवर परवा हिव पडलं, त्या गेल्या. पणती चार महिन्यांची झाली. नकटी, टकली, माकडाच्या वळणावर गेलेली. दवाखान्यातली नर्स "किती गोड" म्हणाली, तेव्हा मी घाईघाईने म्हटलं, "छे हो, सुकलेलं वांगं दिसतंय." सुआ तेव्हा रडली होती. या देशात जन्मलेल्या पोरींना कोण समजावणार, की कौतुक कानावर पडलं की बाहेरचे आत्मे दाराशी येतात आणि चांगलं ते उचलून नेतात?

आता त्या मासिकाचं. राहायला सगळ्यात चांगल्या गावांच्या त्यांच्या यादीत तुझं मिल्टन क्रीक पहिलं आलं आणि आमचं पार खाली घसरलं, हे तुला कळलंच असेल. हे ठरवतात कसं, ते सुआने मला दोनदा समजावलं आणि दोन्ही वेळा मला कळलं नाही. घरं स्वस्त असली तर गुण. घरांच्या किमती चढत असल्या तरी गुण. म्हटलं, "अगं, एकाच घराला दोन्ही कसं जमायचं?" तर म्हणाली, "आजी, ते सरासरी काढतात." शाळेला गुण, चोऱ्या कमी त्याला गुण, उन्हाच्या दिवसांना गुण. पावसाला नाहीत. मग भाजी काय, हे लोक शाईवर पिकवतात? दवाखाना किती मैलांवर ते मोजलं, पण म्हातारीला तिथे नेतं कोण ते मोजलं नाही. बसतात न्यूयॉर्कला, आणि डुकराला हात न लावता त्याचं वजन सांगतात. शेवटी चवीपुरती गावातल्या माणसांची मतं घालतात म्हणे.

फेंगला मात्र सगळं पटलं आहे. शुक्रवारी तो आणि सुआ गाडीने निघून तुझ्याकडे उतरणार, घर बघणार. पसंत पडलं तर बर्फाच्या आधी बिऱ्हाड हलवणार. मला म्हणतात, "तुम्हीही चला." माझा वाफा पिशवीत भरून नेणार आहेत बहुतेक. तरुण माणसं आहेत, जाऊ देत.

आता जे सांगायचं आहे ते. सुआ, मान वर करू नकोस, लिहीत राहा.

उन्हाळ्यात बाजारात माझ्या भाजीच्या टेबलाशी दोन मुली आल्या होत्या. एक गोरी, एक आपली ह्मोंग बोलणारी. मासिकाकडून आलोय म्हणाल्या.

"आजी, या गावाला दहापैकी किती गुण द्याल?"

भर बाजार, उघडं आभाळ, पाठीवर पणती बांधलेली. कोण काय म्हणणार? म्हटलं, "दोन."

"चांगलं काय आहे इथे?"

"काही नाही. थंडीत नाक गळून पडतं. नदीत मासे नाहीत."

फेंगने पहाटे पकडलेले मासे माझ्या पायाशी बादलीत उड्या मारत होते. त्या मुलीने बादलीकडे बघितलं आणि विचारलं, "आणि शेजारी?"

"असून नसून सारखे."

शेजारची मार्लिस तेव्हा माझ्या डोक्यावर छत्री धरून उभी होती. तिला आपली भाषा येत नाही, म्हणून हसत होती.

मासिकात छापून आलं, 'इथल्या जुन्या रहिवासी असलेल्या एक आजी म्हणतात, या गावात काही नाही.' सुआने मला ते वाचून दाखवलं आणि म्हणाली, "बघा, इथे जन्म काढलेल्यांचंही हेच मत आहे." मी पाला निवडत राहिले.

सुआने लिहिणं थांबवलं आहे. "ती आजी तुम्ही?" असं विचारते आहे. हेही लिही, म्हटलं.

"मग खरे गुण किती?" म्हणते.

इथेच माझी गाडी रुतते, ल्यू. खरं बोलावं तर पाळणा समोर आहे. खोटं बोलावं तर पोरं जातात. आईने आपल्याला तोंड आवरायला शिकवलं, पण गुण मागणाऱ्यांशी कसं वागायचं ते शिकवलं नाही.

आणि तू तरी काय केलंस? फेंगने फोनवर विचारलं तुमचं गाव कसं आहे, तर म्हणालास, "काही खास नाही, धूळ आणि डास." त्याला जरा काळजी वाटली. मला त्याहून जास्त वाटली. आपण एकाच आईच्या हाताखाली वाढलो. धूळ आणि डास म्हणजे गाव फारच सुंदर असणार. की खरंच धूळ आणि डास आहेत? आपल्या माणसाचं बोलणं कुठल्या बाजूने धरायचं, तेच मला कळेनासं झालं आहे.

मी कुणाला राहा म्हणणार नाही. राहा म्हणणं हेही कौतुकच झालं. पण काल एक गोष्ट मनात आली. आपले बाहेरचे लाओसच्या डोंगरातून आपल्या मागे आलेले. त्यांना शाळेत कोण घालणार? माझ्यासारखेच ते, अक्षरशत्रू. बोललेलं ऐकत असतील, लिहिलेलं त्यांना कुठून वाचता येणार? म्हणून आता मी तोंड मिटते. पुढचं सुआ लिहील, आणि मला वाचून दाखवणार नाही.

तुझी थोरली बहीण,
न्हिया

मामाआजोबा, आजींनी एका हाताने तोंड झाकलं आहे. दुसऱ्या हाताची पाचही बोटं वर केली आहेत. आता हात बदलला. पुन्हा पाच.

हे पत्र आधी फेंगला वाचायला देते, मग टपालात टाकते. शुक्रवारी आमची वाट बघा किंवा बघू नका, मलाच अजून कळत नाही. बोटं त्यांनी खाली घेतलेली नाहीत.

तुमची नातसून,
सुआ