पाडव्यापर्यंत काही मोडायचं नाही

३ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून राग बंद. कायमचा.

काल दसरा. जतकडच्या बिरोबाच्या माळावर नव्या गाडीची पूजा. (गाडी सेकंडहँड, पण आपल्याला नवीच. बटणावर सरकणारी सीट, वर सनरूफ.) सनरूफ उघडून उभा राहिलो. मेहुण्याने, मल्हारने, भंडारा-खोबरं पोत्याने उधळलं. अर्धं देवावर, अर्धं गाडीत. रंगू ओरडत होती, आवं, छप्पर झाका. देवाच्या कामात बायकोचं काय ऐकायचं!

मग सासुरवाडीत आमटी अळणी लागली. ताट भिंतीवर गेलं. ताटामागून माझी मूठ गेली. भिंत दगडी. उजवा हात सुजला.

रंगू माहेरीच राहिली. म्हणाली, पाडव्यापतुर घरात काय बी मोडू नगा, आपटू नगा. मग येती आन् ओवाळती. मोडलं तर न्हाई येनार.

सोपं आहे. माणसावर मी कधी हात टाकलेला नाही. वस्तूंचं काय, त्या बाजारात मिळतात.

येताना गाडी सोनियाने चालवली. पोरगी उंचीला आईवर गेलीय. सीट पार पुढे नेली. मी मागे सुजलेला हात सांभाळत बसलो.

४ ऑक्टोबर
सोनिया एस.टी.ने सांगलीला, नोकरीवर गेली. गाडीत बसायला गेलो तर मावेना. सीट मागे न्यायचं बटण दाबलं. घुर्र झालं आणि थांबलं. परत दाबलं. परत घुर्र. सीटला नीट समजावून सांगितलं. मग एक बुक्की घातली. डाव्या हाताची, त्यामुळे ती धरायची नाही.

७ ऑक्टोबर
यूट्यूब म्हणतं, आधी फ्यूज बघा. मला सांगायची गरज नाही. फौजेत सतरा वर्षं गाड्यांच्या युनिटात होतो. स्टोअरला होतो, पण गाड्या समोरच असायच्या.

फ्यूज काढला. चांगला निघाला. परत बसेना, म्हणून पकडीने ठोकला. आता वायपर बंद. पावसाळा संपत आलाय, वायपर लागतो कुणाला?

स्क्रूड्रायव्हर भिरकावला तो शेजारच्या राजेश्वरीबाईंच्या कुंडीला लागला. कुंडी फुटली. पण ठरलंय ते आपल्या घरातलं.

९ ऑक्टोबर
मलकापूरच्या गॅरेजचा जयराज आला. म्हणाला, मेजर, वाकून खालचा रूळ बघाय पायजे, कायतरी अडाकलं आसंल. मी म्हटलं, मोटर गेलीय. तो हसला. हसला नसता तर काहीच झालं नसतं.

मी त्याची कॉलर धरली. त्याने माझी धरली. दोघे मिळून गुलाबाच्या वाफ्यात पडलो. त्याच्या दोन गुद्द्यांना माझे तीन. सदरा फाटला. फाटणं म्हणजे मोडणं नव्हे.

(माणसावर हात टाकत नाही असं लिहिलंय, ते घरच्या माणसांबद्दल आहे.)

१२ ऑक्टोबर
रंगूचा फोन. विचारलं, काय मोडलं का? म्हटलं, घरात शांतता आहे. हे खरं आहे. इतकी शांतता आहे की टीव्ही लावून झोपतो. चहा अजून दोन कपच होतो, दुसरा ओतून देतो. आठवण येते. खूप येते. हे तिला बोललो नाही, उगाच डोक्यावर बसेल.

सीटचं सांगितलं. म्हणाली, खाली बघितलं का? दसऱ्याला गाडीत लय काय काय सांडलंय. म्हटलं, इलेक्ट्रॉनिक गोष्ट आहे, तुझ्या डोक्यापलीकडची. फोन ठेवला. हळू ठेवला, याची नोंद असावी.

१५ ऑक्टोबर
नवा प्लॅन. सीटला सोल, म्हणजे जाड दोर, बांधला, दुसरं टोक कमरेला, आणि मागच्या दारातून सगळ्या ताकदीने ओढली. सोल तुटला. मी पाण्याच्या हौदात. वर येताना हौदाची तोटी हातात आली. तोटी जुनी होती.

सीटला आईवरून शिव्या दिल्या. शिव्यांनी काही मोडत नाही.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
निर्णायक हल्ला. सीटखाली हात घालून हाताला लागलेली वायर उपटली. पिवळी होती. मग दाराच्या बाजूने सीटच्या कुशीत हातोडा घातला. एक. दोन.

धाडकन! सीट फाडून फुगा बाहेर आला आणि थोबाडात बसला. बाजूची एअरबॅग. पिवळी वायर तिचीच होती. नाकातून रक्त. कानात शिटी. शिवणीत बसलेला दसऱ्याचा सगळा भंडारा उडाला. मी उठून फुग्याला मारलं. फुगा आधीच मेला होता.

तेवढ्यात सोनियाचा व्हिडिओ कॉल. चुकून उचलला. विचारलं, पप्पा, तोंड पिवळं कशानं? म्हटलं, देवाला गेलो होतो. खोटं नाही. भंडारा देवाचाच.

२१ ऑक्टोबर
उद्या पाडवा. रंगूला आणायलाच हवं. श्वास रोखून सीटवर घुसलो. पोट हॉर्नवर. श्वास सोडला की हॉर्न. गल्ली संपेपर्यंत अख्खं मलकापूर दारात.

हायवेच्या तोंडाशी एक ट्रॅक्टरवाला उतरून आला. आरं, वाजवतुयास कुणाला? म्हटलं, मी नाही, पोट. त्याला पटलं नाही. त्याने मला खिडकीतून एक ठेवून दिली. मी दार जोरात उघडून त्याच्या गुडघ्यावर हाणलं. त्याने माझा आरसा उपटून उसात फेकला. आरसा मी मोडलेला नाही.

रिव्हर्समध्ये घरी. उद्या पहिल्या एस.टी.ने जातो.

२२ ऑक्टोबर, पाडवा
पहिली एस.टी. चुकली. डोळ्याला बर्फ लावत बसलो होतो.

दहाला सोनिया आणि रंगू स्वतःच दारात. रंगूच्या हातात ओवाळणीचं ताट, माहेराहूनच तयार करून आणलेलं. नवी साडी. हसत होती. मग माझा डोळा पाहिला. मग गाडी.

तिने ताट पायरीवर ठेवलं. वाकली. मोबाईलचा टॉर्च लावला, केसातली पिन काढली आणि सीटच्या रुळातून खोबऱ्याचा तुकडा उपसून काढला. दसऱ्याचा. कपाळाला लावला, माझ्या हातावर ठेवला. बटण दाबलं. सीट सरसर मागे गेली.

मी म्हटलं, बघ, घरातलं काहीच मोडलं नाही.

ती म्हणाली, आवं, मोडल्याचं न्हाई. काय आपटलं की माझ्या पोटात गोळा येतोय. लगीन झाल्यापास्नं येतोय. माहेरात हे दीस न्हाई आला.

सोनियाने सीट परत पुढे घेतली. फाटकी एअरबॅग चिकटपट्टीने बसवली. दोघी गाडीत बसल्या आणि परत माहेरच्या रस्त्याला लागल्या. रंगूने मागे वळून पाहिलं नाही, की आरसा नसल्यामुळे दिसली नाही, सांगता येत नाही.

खोबरं खाल्लं. खवट झालं होतं.

ताट अजून पायरीवर आहे. निरांजनात वात आहे, तूप आहे, लावलेलं नाही. सकाळपासून तीनदा हातात घेतलं आणि तीनदा खाली ठेवलं. हळू. फेकलं नाही.

हे तिला कुणीतरी सांगायला हवं.