ट्रॉलीची गाठ

८ जानेवारी

सकाळपासून चौथी उलटी. पोटात आता उरलंय काय? तरी येतेच!

शिडाच्या जहाजावर आज तिसरा दिवस. तीन उंच डोलकाठ्या आणि आम्ही तीस शिकाऊ पोरंपोरी. मुंबईहून कोचीला चाललोय, मध्ये गोव्याला थांबा. भीमेपेक्षा मोठं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. फॉर्मवर मात्र 'समुद्राची आवड' असं ठोकून दिलं होतं. भोग आता, सुलक्षणा!

शिकवणारे महेंद्र सर. त्यांनी स्पष्ट सांगितलंय — गोवा येईपर्यंत प्रत्येकानं मधल्या डोलकाठीच्या पहिल्या आडव्या दांड्यापर्यंत चढायचं. जो चढणार नाही त्याला गोव्याला उतरवणार, घरी परत. मी वर पाहिलं तर ती काठी आभाळात डुलत होती. लगेच मान खाली घातली.

खालच्या फळीवर महेजबीन झोपते. शिरूरची. सतत हसते, सगळ्यांच्या नकला करते. तिकडे चौकात तिचा फ्लेक्स लागलाय म्हणे — 'शिरूरची कन्या समुद्रावर'. तिच्या अब्बांनी, चांदभाईंनी, स्वतः शिडीवर चढून लावला. हिला कशाचीच भीती वाटत नाही. हेवा वाटतो.

१० जानेवारी

आज दोर शिकवले. शिडाचा दोर लाकडी खुंटीभोवती गुंडाळायचा, आठाच्या आकड्यासारखे वेढे घालायचे. बस्स! गाठ मारायचीच नाही. वारा फिरला की दोर त्या क्षणी सुटला पाहिजे, असं सर म्हणतात.

मला हे पटतच नाही. एवढं धूड शीड आणि नुसत्या वेढ्यांवर? आमचे आबा उसाच्या ट्रॉलीला जी गाठ मारतात ती हिसका बसेल तशी आणखी आवळते. कारखान्यावर ती सोडायच्या भानगडीत कुणी पडत नाही, कोयत्यानं तोडतात. आबांनी मला सातवीत शिकवली. सत्यजीतदादाला अजून जमत नाही, मला जमते.

११ जानेवारी

आज मधल्या डोलकाठीच्या खुंट्या महेजबीनकडे आणि माझ्याकडे दिल्या. वारा वाढला तसा एक दोर जोरात कुरकुरायला लागला. सुटला तर? महेजबीन पाणी प्यायला गेली होती. मी वेढ्यांवरून आबांची गाठ मारली. मग कुठं जीव थाऱ्यावर आला.

१२ जानेवारी

अक्षर बघ कसं आलंय.

दुपारी एकदम वारा फिरला. बिरदेव — केंदूरचा, आमच्यातला सगळ्यात चपळ — शीड गुंडाळायला वर गेला होता. सर ओरडले, "दोर सोडा!" आमच्या खुंट्यांवर तेव्हा पाळी असलेल्या पोरानं वेढे ओढले. सुटेनात! जहाज इतकं कललं की भांडी गडगडत गेली. वर शीड फडाफडा आपटत होतं. त्यानं बिरदेवच्या पायाखालचा दोर झटकला आणि तो कमरेच्या सुरक्षा-पट्ट्यावर लोंबकळला. त्याची किंकाळी अजून कानात आहे.

सरांनी सुरीनं दोर कापला तेव्हा शीड शांत झालं. बिरदेवला खाली आणलं. खांदा निखळलाय. पट्टा नसता तर?

कापलेला तुकडा हातात धरून सर म्हणाले, "ही गाठ कुणाची?"

१२ जानेवारी, संध्याकाळ

मी बोलले नाही.

१३ जानेवारी

सरांनी आम्हा दोघींना बोलावलं, कारण परवा खुंट्या आमच्याकडे होत्या. आणि महेजबीन म्हणाली, "मी मारली, सर."

गोव्याला तिला उतरवणार. मी तिथंच उभी होते, दगडासारखी! ती माझ्याकडे बघतही नाही. कुणाच्या नकलाही करत नाही. तो तुकडा सरांनी त्याच खुंटीवर टांगलाय, सगळ्यांना दिसावा म्हणून. येता-जाता तोच दिसतो. आबांनी शिकवलेली गाठ, आणि त्यांची पोर एका माणसाला जवळजवळ मारून बसली. लाज वाटते. लाजेपेक्षाही भीती जास्त वाटते, हे कुणाला सांगू?

१४ जानेवारी

आज संक्रांत. सरांना खरं सांगून टाकलं.

सरांनी दोर पुढे ठेवला आणि गाठ मारून दाखव म्हणाले. मारली. त्यांनी दोनदा ओढून पाहिली, मग म्हणाले, उद्या तू उतरशील, महेजबीन राहील. आवाजही चढवला नाही. मी बिरदेवकडे गेले तर त्यानं गळ्यात अडकवलेला हात दाखवला आणि एवढंच म्हणाला की जाताना तिळगूळ ठेवून जा.

पळत खाली महेजबीनकडे गेले. वाटलं, गळ्यात पडेल. ती मटकन फळीवर बसली.

"तुला कुणी सांगितलं हुतं बोलायला?"

मी तिच्या शेजारी बसले.

"ती गाठ मी बघताच वळखली. अब्बा ट्रकवर हीच मारत्यात. म्हटलं, बरं झालं. मला न्हाई चढता यायचं, सुलक्षणा. पयल्या दिवसापासनं ठाव हाय मला. चूक केली म्हणून परत पाठवलं, हे सांगता येतंय. भ्यायले म्हणून आले, हे त्या फ्लेक्सखाली हुभं राहून कसं सांगू?"

आठवडाभर ही हसत होती ती भीतीनं! आणि तिची एकच वाट मी आज खरं बोलून बंद केली. उद्या सकाळी तिला चढायचंय.

१५ जानेवारी

किनारा दिसतोय. माझी पिशवी भरलेली आहे.

महेजबीन डोलकाठीखाली पांढरीफटक पडून उभी होती. वर अडकवायच्या लोखंडी आकड्याचा दोर कमरेच्या पट्ट्याला नीट शिवलेला असतो, तरी तिनं जादा दोर मागितला. सर नको म्हणाले. ती जागची हलेना. शेवटी त्यांनी दिला. तिनं तो माझ्या हातात ठेवला. "तुझ्या आबांची मार."

मारली. ती चढली. दोनदा थांबली, रडली, पण दांड्याला हात लावून आली.

खाली आल्यावर गाठ कुणाकडूनच सुटेना. सरांनी स्वतःची सुरी काढली आणि माझ्या हातात दिली.