वकिलाला घर नाही

३ फेब्रुवारी

नाही! नाही! नाही! एका दिवसात तीनदा! ह्या लागोसमध्ये चोराला घर मिळेल, भुताला मिळेल, मला मिळणार नाही.

एजंट फेस्टस सकाळपासून लागोस बेटावर, कोर्टाच्या आसपास, फिरवत होता. नुसतं दार दाखवायचेही पैसे घेतो आणि वर स्वतःच धापा टाकतो. पहिल्या घरी मालकीणबाई — "नवरा कुठाय?" नाहीये. "मग भेटायला कोण कोण येणार?" दुसऱ्या घरी म्हातारा. गाव विचारलं, बेनिन म्हटलं, तर — "मग इटलीला कधी निघालीस पोरी?" बेनिनच्या पोरी तिकडे धंद्यालाच जातात म्हणे! आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसला. मेला!

तिसरा बरा वाटला. बसायला खुर्ची दिली, गार पाणी दिलं. काय करतेस, म्हणाला. मी मूर्ख, ताठ मानेने सांगितलं — वकील. हातातला ग्लास काढून घेतला हो! अर्धा प्यायलेला! "बाई, वकिलाला खोली देणं म्हणजे उशाला साप घेऊन झोपणं. भाडं थकवाल आणि वर मलाच कायदा शिकवाल."

आई तिकडे गल्लीभर सांगत सुटलीय, आमची इव्हिये बॅरिस्टर झाली. बॅरिस्टरीणबाई शहराच्या पार टोकाला, इकोरोडूला, मामेबहिणीच्या बैठकीत जमिनीवर झोपतात. आडवी झाले की तिचा नवरा टीव्हीचा आवाज वाढवतो.

५ फेब्रुवारी

अंधारात निघाले. एक पिवळी बस, मग दुसरी, मग पुलावर सगळं ठप्प. कोर्टात पोचले तेव्हा आमची केस पुकारून झाली होती. आमच्या ऑफिसचे थोरले वकीलसाहेब सगळ्यांसमोर — "महिनाअखेर बेटावर राहायला या, नाहीतर बेनिनला परत जा. तिथेही कोर्टं आहेत."

स्वतः ड्रायव्हरच्या गाडीत येतात. ह्यांना काय कळणार!

८ फेब्रुवारी

फेस्टस म्हणतो, "मॅडम, वकील आहात हे जरा विसरा ना." विसरू? पाच वर्षं मेणबत्त्या जाळून अभ्यास केला तो विसरायला? त्याला हाकलून दिला. संध्याकाळी परत फोन केला. दुसरा एजंट आहे कुठे?

११ फेब्रुवारी

मिळालं. आनंद होत नाहीये. लाज वाटतेय, आणि लाजेचाही राग येतोय.

कॅम्पोस चौकाच्या मागे जुनं दुमजली घर. भिंतीवर लाल रंगात — हे घर विकाऊ नाही. त्यात नवल काय, इथे प्रत्येक दुसऱ्या भिंतीवर तेच असतं. नाही लिहिलं तर तुम्ही गावाला जाऊन येईस्तोवर एखादा भामटा घर विकून मोकळा. ह्या घरावर खाली मालकाचं नावही होतं, पण त्यावर चुना फासलेला.

मालक अल्हाजी शिट्टू, प्लॅस्टिकच्या खुर्चीत काडी चघळत. पहिलाच प्रश्न — "वकील नाहीस ना? पोलीस नाहीस ना?" वकील आधी, पोलीस नंतर! तेवढ्यात माझ्या पिशवीतून कोर्टाच्या झग्याचं काळं टोक बाहेर आलेलं त्यांना दिसलं. "हे काय?" फेस्टस खोकायला लागला. आणि माझ्या तोंडून निघालं — "चर्चच्या गायकांचे झगे शिवते मी."

"असं! शिंपीण!" खूश झाले. "कष्टाची माणसं मला आवडतात."

आयुष्यात बटण लावलेलं नाही मी.

१५ फेब्रुवारी

आले राहायला. खिडकी एक, नळ सगळ्यांचा, कोर्ट चालत जाण्यासारखं. कोर्टात डोक्यावर घालायचा पांढऱ्या केसांचा विग दुधाच्या पावडरच्या डब्यात, झगा पिशवीच्या तळाशी. अंगात घालायचा तो कोर्टाच्या आवारात गेल्यावर.

शेजारच्या खोलीत रिदवानची आई. सकाळी चौकात अकारा, म्हणजे चवळीचे वडे, तळून विकते. नवरा सीमेपार कोटोनूला गेला तो गेलाच. सामान उतरवायच्या आत कागदात गरम अकारे घेऊन आली. "खा सिस्टर. ह्या घरातल्या नव्या माणसाच्या पोटात आधी माझं तेल जातं!" दार चिकटतं, खांदा लाव, हेही तिनेच शिकवलं. महिन्याभरात पहिल्यांदा कोणी काही विचारलं नाही.

२० फेब्रुवारी

घ्या! अल्हाजींच्या पुतणीचं लग्न. सगळ्या घराने एकच कापड घालायचं, भाडेकरूंनीसुद्धा. निळं, सोनेरी वेलीचं. विकत घ्यायचं, हेही ओघाने आलंच. आणि त्यांची बायको, अल्हाजा सिकिरात, स्वतःचं कापड घेऊन माझ्या दारात. "तू शिवतेस ना? मला ब्लाउज शिवून दे."

गोगलगाय बाई. नवरा खुर्चीत असला की तोंड उघडत नाही.

करता काय! बालोगुन बाजारातल्या शिंप्याकडे गुपचूप टाकलं. माझं कापड तसंच घडी घालून ठेवलंय.

२४ फेब्रुवारी

अल्हाजाला ब्लाउज आवडलं. "हात छान आहे तुझा." पण ब्लाउजापेक्षा माझ्या बोटांकडेच जास्त बघत होती.

२८ फेब्रुवारी

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

रिदवानच्या आईचं दार नेलं. दार! ती चौकात अकारा तळत असताना अल्हाजींनी दोन माणसं लावून बिजागऱ्या काढल्या आणि दार वर नेऊन ठेवलं. भाडं थकलंय का? नाही. जास्त देणारा कोणी मिळालाय, एवढंच. नोटीस नाही, कोर्ट नाही. दार नेलं की माणूस आपोआप जातो!

ती उंबऱ्यावर बसली होती, गादी-भांडी सगळी रस्त्याला दिसतायत. अल्हाजी खुर्चीतून — "रडून काय उपयोग? घर माझं, दार माझं." ती हात जोडून — "मालक, पोराला घेऊन कुठे जाऊ?" सगळे भाडेकरू नळाशी उभे. कोणी ब्र काढला नाही.

मीही नाही. हे बेकायदेशीर आहे, कोर्टाच्या हुकुमाशिवाय दाराला हात लावता येत नाही, हे त्या अंगणात मला एकटीला ठाऊक होतं. आत आले. खांदा लावून दार लावून घेतलं. मला दार आहे ना!

थुः!

१ मार्च

झगा घरातूनच घातला. पांढऱ्या पट्ट्या लावल्या. विगसुद्धा! उन्हात घाम फुटला, तरी काढला नाही. अंगणातून सरळ त्यांच्या खुर्चीसमोर.

"अल्हाजी, संध्याकाळपर्यंत दार परत बसवा. नाहीतर कोर्टात भेटू."

तोंडातली काडी खाली पडली. मग जी बोंब ठोकली! "वकील! माझ्या घरात वकील! फसवलंस! खोटारडी!" खोटारडी तर खोटारडी. दार बेकायदा उचलणारा मला खोटारडी म्हणतो — चोराच्या उलट्या बोंबा!

रिदवानची आई आ वासून बघत होती. मग हळूच — "सिस्टर, गायकांचे झगे असे असतात?" दोघी हसलो. नंतर ती रडली.

४ मार्च

दार परत आलं नाहीच. आज माझंही नेलं.

कोर्टातून येते तो चौकट रिकामी. वकीलसाहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "आता दुसरं घर शोधा." सोडणार नाही! एका दाव्यात दोन दारं. कागद लिहून तयार आहेत.

पण झोपायचं कसं? लग्नाचं निळं कापड काढलं. मधोमध कापलं, दोन पडदे. रिदवानच्या आईने सुई ओवून दिली. आयुष्यातली पहिली शिलाई — वेडीवाकडी, दोनदा बोटात सुई गेली. अल्हाजी वरून बघत होते. बघू देत! त्यांच्याच पुतणीच्या लग्नाचं कापड, दोन चौकटींत, रस्त्यावरून दिसेल असं.

६ मार्च

उद्या दावा दाखल करायचा. अल्हाजी नमाजाला गेलेले. पडद्याबाहेर कोणीतरी खाकरलं.

अल्हाजा सिकिरात. "वकीलबाई, शिवायला नाही आले." आत आली, पडदा नीट ओढून घेतला. "दाव्यात मालक म्हणून ह्यांचं नाव घालू नकोस. हे घर माझ्या बापाचं, त्यांच्यामागे माझं. भिंतीवरच्या त्यांच्या नावावर ह्यांनीच चुना फासला. वकील नको, वकील नको का म्हणतात, कळलं ना?"

मी म्हटलं, बसा.